शब्द पाठ झाला, पण कळला का?





शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी नारायणगावात संध्याकाळी आदिवासी मुलामुलींचा इंग्रजीचा वर्ग घेते. मुले जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातली आहेत; महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी घरांतली. काहींचे आईवडील टोमॅटोच्या हंगामात इकडे मजुरीला येतात, काही मुले शिक्षणासाठी नातेवाइकांकडे राहतात. मंडळीतले अनेकजण मला विचारतात, “बाई, या मुलांना इंग्रजी जमते का?” जमते. पण शब्द कसे शिकवायचे हे मला स्वतःला फार उशिरा कळले आणि ते एका मुलाने शिकवले. म्हणून आधी माझी चूक सांगते.

आमच्या वर्गात दर शनिवारी शब्दार्थांची परीक्षा होत असे. मी फळ्यावर वीस इंग्रजी शब्द आणि त्यांच्यापुढे मराठी अर्थ लिहून देई, मुले ते पाठ करीत. एका परीक्षेत सातवीतल्या एका मुलाला वीसपैकी वीस गुण मिळाले. त्या यादीत ‘डायल्यूट’ हा शब्द होता आणि अर्थ होता ‘विरल करणे’. मुलाने अचूक लिहिले, मी बरोबरची खूण केली आणि वहीवर ‘शाबास’ असा शेराही दिला.

महिन्याभराने तोच मुलगा वर्ग सुटल्यावर मागे थांबला. त्याचे वडील टोमॅटोच्या शेतात फवारणीच्या कामाला जात. औषधाच्या डब्यावरचा कागद ओला होऊन मराठी मजकूर गेला होता, इंग्रजी तेवढा वाचता येत होता. वडिलांनी कागद मुलापुढे धरला. पोरगा इंग्रजी शिकतो आहे ना! मुलाने शब्द ओळखला, पण अर्थ सांगू शकला नाही. वडिलांनी अंदाजाने औषध पंपात ओतले. रात्रभर त्यांच्या हातांची आग होत होती, डोळ्यांतून पाणी येत होते. सुदैवाने दोन दिवसांत उतार पडला.

“अरे, डायल्यूट तुला येत होता की,” मी म्हणाले.

“येतो ना बाई. विरल करणे.”

“मग?”

तो जरा घुटमळला. “बाई, विरल म्हंजी इरलंच ना? आम्ही इळा म्हणतो त्याला पुस्तकात विळा असतंय. इहिरीला विहीर. मंग मला वाटलं, इरल्याला विरल. पर औषधाला इरलं कशाला पांघरायचं?”

भातलावणीच्या पावसात डोक्यापाठीवर घेतात ते इरले. मुलाचा तर्क चुकीचा नव्हता. घरच्या बोलीत आणि पुस्तकी भाषेत जो फरक त्याने पाहिला होता, त्याच नियमाने तो चालला होता. मी त्याला एका परक्या शब्दाच्या बदल्यात दुसरा परका शब्द दिला होता आणि वर शाबासकीही दिली होती.

त्या दिवसापासून शब्दार्थांच्या याद्या बंद केल्या. 2000 सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, पण बाजारातल्या बहुतेक मार्गदर्शकांत शब्द शिकवण्याची रीत अजून तीच आहे: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ज्या मुलाच्या घरी पुस्तकी मराठी बोलली जाते त्याचे यात निभावते. ज्याच्या घरी ठाकरी किंवा कातकरी बोलतात, किंवा डोंगरातली मराठी बोलतात, त्याला उजवीकडचा शब्दही शिकावाच लागतो.

आणि उजवीकडचा शब्द ओळखीचा असला तरी भागतेच असे नाही. ‘शॅडो’ म्हणजे सावली आणि ‘शेड’ म्हणजेही सावली. मग एका मुलीने लिहिले की दुपारी बायका झाडाच्या शॅडोत जेवतात. तिचा दोष काय? आपल्याकडे झाडाखालची गार जागा आणि उन्हात आपल्याबरोबर चालणारी काळी आकृती या दोन्हींना एकच शब्द. शिवाय मुलांच्या ओळखीचे पत्र्याचे शेड हा इंग्रजीत तिसराच शब्द आहे. याच्या उलट ‘राइस’. शेतात उभा तो भात, कांडून निघतो तो तांदूळ, ताटात येतो तो पुन्हा भात. इंग्रजीत शिजलेला आणि न शिजलेला दोन्ही राइस. शेतातल्या पिकाला आणि टरफलासकट दाण्याला मात्र ‘पॅडी’ असा वेगळा शब्द आहे. दोन भाषांची शेते एकाच बांधाने विभागलेली नसतात. एका शब्दापुढे एक शब्द लिहिला की हा बांध दिसेनासा होतो.

कोशकारांना ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये प्रसिद्ध झाला. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातले शब्द सुमारे 40 हजारांवरून 60 हजारांवर गेले. आपल्या परिचयाचे बाबा पदमनजी यांनी 1863 मध्ये त्याचा संक्षेप केला. इरल्यासारख्या शब्दांना इंग्रजीत चपखल जोडशब्द मिळत नाही. तिथे ही वस्तू काय, कशाची, कशासाठी वापरतात, हे सांगावेच लागते. यालाच व्याख्या म्हणतात.

पण व्याख्याही कठीण शब्दांत केली तर पुन्हा तेच. त्या काळच्या बंगालमध्ये शिक्षण खात्यात काम केलेले मायकेल वेस्ट यांनी यावर उपाय शोधला. 1935 मध्ये आलेल्या त्यांच्या कोशात 24 हजारांहून अधिक शब्द आणि शब्दप्रयोग समजावले आहेत, आणि ते समजावण्यासाठी फक्त 1,490 सोपे शब्द वापरले आहेत. म्हणजे विद्यार्थ्याने तेवढे शब्द शिकले की बाकीचा कोश त्याला खुला. पुढे 1987 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने आणखी एक पाऊल टाकले. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, जशी एखादी शिक्षिका तोंडी सांगेल तशी: तुम्ही अमुक केले, तर तमुक होते.

या दोन गोष्टी, म्हणजे सोप्या शब्दांतली व्याख्या आणि पूर्ण वाक्य, आम्ही आमच्या वर्गात आणल्या. रीत साधी आहे. घरी मुले-नातवंडे असतील तर आपणही करून पाहू शकता.

प्रत्येक मुलाची एक शब्दवही असते. एका शब्दाला अर्धे पान. वर शब्द लिहायचा. त्याखाली व्याख्या. व्याख्या करताना दोनच प्रश्न विचारायचे: ही कोणत्या जातीची गोष्ट आहे? आणि त्या जातीतल्या इतरांपेक्षा वेगळी कशी? ‘सिकल’ म्हणजे काय? एक हत्यार. इतर हत्यारांपेक्षा वेगळे कसे? पाते वाकडे असते आणि त्याने गवत, भात कापतात. झाली व्याख्या, विळा डोळ्यांपुढे आला. व्याख्या आधी घरच्या बोलीत, मग जमेल तशा सोप्या इंग्रजीत. बोलीत सांगितले म्हणून कुणाला हसायचे नाही, हा वर्गाचा नियम आहे.

त्याखाली दोन वाक्ये. पहिले पाठ्यपुस्तकातले किंवा कोशातले, म्हणजे शब्द इंग्रजीत कसा बसतो ते दिसते. दुसरे मुलाने स्वतः केलेले, आणि ते त्याच्या स्वतःच्या दिवसातले असले पाहिजे.

उदाहरणाचे वाक्य चांगले की वाईट, हे ओळखायची आमची एक कसोटी आहे: शब्दावर बोट ठेवा आणि शेजाऱ्याला वाक्य वाचायला द्या. त्याला झाकलेला शब्द ओळखता आला तर वाक्य चांगले. ‘माय सिस्टर इज ब्रेव्ह’ या वाक्यात ब्रेव्ह झाकला तर तिथे उंच, हुशार, आजारी, काहीही बसेल. अर्थ वाक्यात नाहीच. आमच्या एका मुलीने लिहिले: ‘माझी बहीण ब्रेव्ह आहे, बिबट्या दिसला तरी तिने शेळ्या टाकून पळ काढला नाही.’ जुन्नर तालुक्यात बिबट्या ही गोष्टीतली बाब नाही. हे वाक्य ऐकलेले एकही मूल ब्रेव्ह हा शब्द विसरले नाही. पुढच्याच दिवशी एका मुलाने विचारले, “मंग जो अंधार पडायच्या आत शेळ्या घरी आणतो, तो कोण?” तो ‘कॉशस’. अशी शब्दाला शब्दाची सोबत मिळत जाते.

एकाच शब्दाचे अनेक अर्थ असतात, हेही वाक्यातूनच कळते. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. त्या प्रकल्पात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मुले तिथे जाऊन आली. एकीला वहीत ‘डिश’पुढे लिहिलेले ‘ताट’ आठवत होते. एवढे मोठे ताट कुणाचे, यावर परतीच्या वाटेवर खूप हशा झाला. आता तिच्या वहीत डिशची तीन वाक्ये आहेत: एक जेवणाच्या बशीचे, एक आजीच्या हातच्या पदार्थाचे आणि एक खोडदचे. कोणता अर्थ कुठे घ्यायचा, हे वाक्य सांगते. नुसता शब्द सांगत नाही.

शेवटचा भाग उजळणीचा. शिकलेले मन किती लवकर विसरते, याचे प्रयोग जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच प्रसिद्ध केले होते. आम्ही दिवसाला चारच शब्द घेतो. ते दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारतो. विचारतानाही अर्थ विचारत नाही. नवे वाक्य मागतो. आठवड्याला वीस शब्द पाठ करणारी मुले आधी महिन्याने निम्मेही सांगू शकत नसत. आता शब्द थोडे होतात, पण हाताशी राहतात.

आणि ‘डायल्यूट’? तो आम्ही नव्याने शिकलो. व्याख्या: पातळ वस्तूत पाणी घालून तिचा जोर कमी करणे. सर्वांत चांगले वाक्य एका कातकरी मुलीचे होते: पाहुणे आले की आई कालवण डायल्यूट करते. सगळा वर्ग हसला, कारण प्रत्येकाच्या घरी ते झालेले होते. बोट ठेवून पाहिले, शब्द सगळ्यांना ओळखता आला.

त्यानंतर मी फळ्यावर औषधाच्या डब्यावरची खूण काढली. आपल्या देशात कीटकनाशकांच्या वेष्टनावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. वरच्या भागात शब्द असतो: लाल आणि पिवळ्याला ‘पॉइझन’, निळ्याला ‘डेंजर’, हिरव्याला ‘कॉशन’. मार्गदर्शकात हे तीन शब्द विष, धोका, सावधगिरी असे सुटे सुटे दिसतात. डब्यावर ते एका शिडीच्या पायऱ्या आहेत. मुलांनी तिन्ही शब्दांची वाक्ये केली आणि घरी जाऊन वाचून दाखवली.

तो मुलगा आता नववीत आहे. इंग्रजीत त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळतात असे नाही. पण नवा शब्द आला की तो आता विचारतो, “बाई, ह्याचं वाक्य काय?” आणि वडील नवा डबा आणतात तेव्हा झाकण उघडण्याआधी कागद त्याच्याकडे येतो. एकदा कागदावर त्याला न कळणारे दोन शब्द होते. त्याने वडिलांना थांबवले आणि सायकलवरून माझ्याकडे आला. मला त्याच्या वीसपैकी वीस गुणांपेक्षा याचे मोल जास्त वाटते. कोणता शब्द आपल्याला येत नाही हे त्याला आता ओळखता येते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकजण वर्गासाठी पुस्तके पाठवता, त्याबद्दल मनापासून आभार. एक विनंती आहे. शब्दार्थांच्या छोट्या पुस्तिकांऐवजी सोप्या इंग्रजीत व्याख्या आणि वाक्ये देणारा विद्यार्थ्यांचा कोश पाठवलात, जुना वापरलेला असला तरी, तर तो चार मुलांत वर्षभर पुरतो. आणि कधी या बाजूला आलात तर संध्याकाळी तासभर वर्गात येऊन बसा. मुले आपल्याला वाक्ये वाचून दाखवतील. शब्दावर बोट ठेवलेले असेल. तो ओळखायचे काम मात्र आपले.

आपली नम्र,
वर्गाच्या बाई, नारायणगाव