पडद्यावरच्या भीतीला निवेदक हवा

स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी १९७५ साली आली. अमेरिकेतल्या मेन राज्यातील एका लहानशा गावात एक रक्तपिपासू पिशाच्च मुक्कामाला येते आणि गाव घराघराने संपत जाते, हे तिचे कथानक. नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचलेल्यांना ते ओळखीचे वाटेल. वॉर्नर ब्रदर्सने या कादंबरीवर चित्रपट काढायचे ठरवले, निरनिराळ्या लेखकांकडून पटकथा लिहून घेतल्या, पण एवढे गाव दोन तासांत मावेना. शेवटी ते काम दूरचित्रवाणीकडे गेले. पॉल मोनॅश यांची पटकथा आणि टोबी हूपर यांचे दिग्दर्शन असलेली मालिका नोव्हेंबर १९७९ मध्ये सीबीएसवर दोन भागांत दाखवली गेली. वेळ मिळाला, तरी मोठी अडचण उरलीच. कादंबरीतली भीती घटनांपेक्षा सांगणाऱ्याच्या आवाजात जास्त आहे. पहाटेच्या दूधवाल्यापासून सुरुवात करून तो गावाचा एकेक दिवस उलगडतो, आणि कुणाला काही कळण्याआधीच वाचकाला कळते की ही माणसे आता फार दिवस नाहीत. कॅमेऱ्याला हे सांगता येत नाही. त्याला फक्त दूधवाला दिसतो.

माझ्या मते ही जागा हॅरी सुकमन यांच्या संगीताने भरून काढली. त्याला एमीचे नामांकनही मिळाले. आदल्याच वर्षी जॉन कार्पेंटर यांनी ‘हॅलोविन’मध्ये पियानो आणि सिंथेसायझरच्या मोजक्या सुरांवर अख्खा चित्रपट पेलला होता. सुकमन मात्र जुन्या हॉलिवूडच्या वळणाच्या भरघोस वाद्यवृंदाकडे गेले. पिशाच्चाचा मुक्काम असलेले टेकडीवरचे मार्स्टन हाऊस दिसते तेव्हा तिथे काहीच घडत नसते. जुने, पडके घर, एवढेच. वाद्यवृंद तेवढा त्या घराचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यासारखा बोलतो, आणि हे काम निवेदकाचे आहे. मेलेला मुलगा धुक्यातून तरंगत येऊन खिडकीची काच नखांनी खरवडतो, त्या गाजलेल्या प्रसंगातही तेच होते. आतला मुलगा संमोहित झालेला असतो, त्याला धोका कळत नाही. तो कळतो फक्त संगीताला आणि आपल्याला.

कुठे घाबरायचे हे संगीताने सांगितले की भीतीच संपते, असा एक आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्स’मध्ये रूढ पार्श्वसंगीत नाही, तरी तो धडकी भरवतो. पण तो चित्रपट अंधाऱ्या थिएटरात, प्रेक्षक जागचा हलत नसताना बघायचा होता. दूरचित्रवाणी दिवे लावलेल्या घरात चालते, मध्येच फोन वाजतो, दर काही मिनिटांनी साबणाची जाहिरात येते. प्रत्येक विश्रांतीनंतर मोडलेले वातावरण नव्याने उभारावे लागते, आणि ते सर्वांत लवकर सूरच उभारतात.

किंगच्या चाहत्यांचा दुसरा आक्षेप बार्लोबद्दल. कादंबरीत हे पिशाच्च सुसंस्कृत आहे, छान बोलते. निर्माते रिचर्ड कोब्रिट्झ यांनी त्याला १९२२ च्या मूक ‘नोस्फेराटू’सारखे टकले, उंदरासारख्या दातांचे आणि मुके केले, बोलणे सगळे त्याच्या मानवी साथीदाराकडे, जेम्स मेसन यांच्या स्ट्रेकरकडे गेले. मूळ पात्राचे यात नुकसान झाले, हे मान्य करायला हवे. पण जे बोलत नाही त्याच्याशी वाद घालता येत नाही, सौदाही करता येत नाही, आणि त्याच्या तोंडचे शब्द गेल्यावर तो अवकाश वाद्यांना मिळाला. २००४ च्या आवृत्तीत रटगर हाऊअर यांचा बार्लो पुन्हा बोलू लागला आणि नायकाच्या तोंडी चक्क निवेदन आले. पुस्तकाशी ती अधिक प्रामाणिक असेल. भीती मात्र समजावून सांगितल्यासारखी वाटते.

सुकमन कधीकधी फार गर्जतात, हेही खरे. युरोपातल्या थिएटरांसाठी १९७९ चीच मालिका कापून दोन तासांच्या आत बसवली गेली, थोडी जास्त हिंसाही घातली गेली, आणि तिथे ही गर्जना उघडी पडते. कात्री बसली ती बरीचशी गावाच्या संथ दिनक्रमावर. दूधवाल्याला आपण नीट ओळखतच नसू, तर त्याच्यासाठी एवढा ब्रास कशाला वाजतोय, असे वाटू लागते.