लाकडाची धूळ : दिसते ती कमी, न दिसणारी जास्त घातक, घरात काम करणाऱ्यांनी अशी घ्या काळजी

मिरज : येथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दीडशे वर्षांहून जुनी ही कारागिरी आजही बरीचशी घरातच चालते. पुढच्या खोलीत भोपळा कोरायचा, तुणाचं लाकूड घासायचं आणि मागच्या खोलीत संसार. पाटण, कराड, शिराळ्याकडच्या गावांतही सुतारकाम सोप्यात नाहीतर परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्येच होतं. त्यामुळं उडणारी धूळ कारागिराबरोबर घरातली लेकरंबाळंही ओढतात.

धोका नेमका कशाचा?

रंध्याचा जाड भुसा खाली पडतो, तो फारसा आत जात नाही. खरा त्रास पॉलिश पेपर, ग्राइंडर आणि कटरच्या बारीक धुळीचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

सुरुवातीला शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं, अंगाला खाज असा त्रास होतो. सागवान, शिसवी अशा लाकडांनी काहींना दमाही जडतो. इंग्लंडमधल्या हाय विकम भागात फर्निचर कारागिरांना नाकाच्या आतला एक दुर्मीळ कॅन्सर होत असल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं. पुढं १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली. प्रत्येकाला तो होतो असं नाही. पण झालाच तर तो कामाला लागल्यावर कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून "आजवर काय झालं नाही" या बोलण्यात अर्थ नाही.

रुमाल का चालत नाही?

रुमाल, गमछा किंवा साधा कापडी मास्क जाड भुसा अडवतो, बारीक धूळ नाही. कोरोनात वापरलेला एन-९५ मास्क घ्या. दोन्ही पट्ट्या डोक्यामागं घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर कडेनं फट राहते. मास्क मळला, ओला झाला किंवा श्वास जड व्हायला लागला की बदला.

मास्कच्या आधी हे करा

- धूळ उडवणारं काम जमेल तेवढं अंगणात करा. वारं पाठीकडून किंवा बाजूनं येईल असं बसा.
- आत काम असेल तर समोरच्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावा आणि पाठीमागचं दार उघडं ठेवा. डोक्यावरचा पंखा धूळ फिरवत ठेवतो, तो बंद करा.
- मशीनला धूळ ओढायची पिशवी किंवा नळी असेल तर काढून ठेवू नका.
- कंप्रेसरच्या हवेनं अंग किंवा जागा झाडू नका. कोरडा झाडू मारण्याऐवजी आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्यानं पुसा.
- स्विचबोर्ड आणि मोटारीवर भुसा साचू देऊ नका. तिथं बिडी-सिगारेट नको, ठिणगीनं भुसा पेटतो.
- कामाचे कपडे वेगळे ठेवा. ते बाहेर झटकून वेगळे धुवा, हातपाय आणि तोंड धुऊनच जेवायला बसा.
- काम चालू असताना लहान मुलांना त्या खोलीत झोपवू नका.

डॉक्टरांकडं कधी जायचं?

सुट्टीच्या दिवशी कमी होणारा खोकला किंवा धाप, हे कामामुळं त्रास होत असल्याचं लक्षण असू शकतं. एकच नाकपुडी सतत बंद राहणं, वारंवार नाकातून रक्त येणं हे अंगावर काढू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि "मी लाकूडकाम करतो" हे आपणहून सांगा. नाहीतर सर्दीच्या गोळ्या घेण्यात महिने जातात.

मास्कला थोडेफार पैसे लागतात, दार उघडायला आणि पाणी शिंपडायला काहीच लागत नाही. बापाची कला पोरानं पुढं चालवावी असं वाटत असेल, तर त्याच्या हातात कानस देताना तोंडाला मास्कही द्यावा.