फ्रिक्वेन्सी फॉल्ट: बिघाड ग्रिडमध्ये की घरात?

छतावर कडक ऊन, आणि इन्व्हर्टरवर लाल दिवा: ‘ग्रिड फ्रिक्वेन्सी फॉल्ट’. बहुतेक घरांत यावर एकच निदान ऐकू येतं: “आमच्या फीडरला फ्रिक्वेन्सी नीट येत नाही.” मग तक्रार वीज कार्यालयात जाते. घरातला खरा दोष तसाच राहतो आणि तीन किलोवॅटचा सौर संच चांगल्या उन्हात दिवसाला जी साधारण १२ युनिट वीज देतो, ती बुडते.

फ्रिक्वेन्सी फीडरची नसते, देशाची असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. तेव्हापासून या ग्रिडवरची सगळी मोठी जनित्रं एका तालात फिरतात. सिंधुदुर्गातल्या वाडीत ५०.०२ हर्ट्झ असेल, तर दिल्लीतही तितकीच असते. गल्लीगणिक बदलतं ते व्होल्टेज.

शिवाय ही फ्रिक्वेन्सी सहसा ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवली जाते. ५ एप्रिल २०२०च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, मागणी ३१ हजार मेगावॅटहून अधिक घसरली. तेव्हाही ती ४९.७० ते ५०.२६च्या बाहेर गेली नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या नियमांप्रमाणे इन्व्हर्टरने ग्रिडपासून सुटायचं ते ५०.५च्या वर किंवा ४७.५च्या खाली. म्हणूनच, शेजाऱ्याचा संच सुरळीत चालू असताना फक्त तुमचाच थांबत असेल, तर शोध घरापासून सुरू करावा.

आधी फॉल्टची वेळ पाहा. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये ती नोंदलेली असते. नोंद वीज गेली त्याच क्षणाची असेल, तर काही बिघडलेलं नाही. पुरवठा तुटताच इन्व्हर्टरला ताल देणारी ग्रिड नाहीशी होते, फ्रिक्वेन्सी भरकटते आणि तो स्वतःला बंद करतो. वीज परतल्यावरही किमान मिनिटभर थांबून, सगळं स्थिर आहे याची खात्री करूनच तो जोडला जातो.

वीज असताना वारंवार फॉल्ट येत असेल, तर माझा पहिला संशय सैल जोडणीवर असतो. इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी मोजतो ती व्होल्टेजच्या लहरीवरून. एसीडीबीतला (एसी वितरण पेटीतला) किंवा मीटरजवळचा न्यूट्रल सैल असेल आणि तिथे ठिणग्या पडत असतील, तर लहर विस्कटते आणि मोजणी चुकते. घरातले दिवे मंद-प्रखर होत असतील तर संशय अधिक पक्का. हे काम परवानाधारक वायरमनचंच, आणि ते लांबणीवर टाकू नये: सैल न्यूट्रलमुळे थ्री-फेज घरात उपकरणं जळतात, आगही लागू शकते. दुसरा संशय सेटिंगवर. बसवताना भारताऐवजी दुसऱ्याच देशाचा ग्रिड कोड निवडला गेला असेल, तर मर्यादा अरुंद असू शकतात. जर्मनीत एकेकाळी सौर इन्व्हर्टर ५०.२लाच सुटत असत.

“स्टॅबिलायझर लावा” हा सल्ला सर्रास मिळतो. स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, फ्रिक्वेन्सीला हातही लावत नाही. रोज भर दुपारीच संच थांबत असेल, तर फॉल्टचा कोड पुन्हा नीट वाचा. पुष्कळदा तो फ्रिक्वेन्सीचा नसून जास्त व्होल्टेजचा असतो. परिसरातली छतं एकदम वीज सोडतात, वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज २५३च्या वर चढतं. तिथे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत जाड केबल उपयोगी पडते, आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप तपासण्यासाठी महावितरणकडे केलेली तक्रारही रास्त ठरते.

सर्वांत घातक समजूत म्हणजे पासवर्ड मिळवून मर्यादा सैल केल्या की प्रश्न मिटतो. लाल दिवा जाईल, पण याच मर्यादांच्या आधारे इन्व्हर्टर ‘ग्रिड गेली’ हे ओळखतो. वाहिनी बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनपर्यंत तुमच्या छतावरची वीज पोहोचू नये, यासाठी इन्व्हर्टरने दोन सेकंदांत थांबायचं असतं. ज्याच्या जिवावर हे बेतू शकतं, त्याला तुम्ही सेटिंग बदलल्याचा पत्ताही नसतो.

राहिला डिझेल जनरेटर. कमी लोडवर साध्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५२पर्यंतही जाते, तेव्हा इन्व्हर्टरने फॉल्ट दाखवणं अगदी बरोबर आहे. दोघांना जबरदस्तीने एकत्र चालवलं, तर जास्तीची सौर वीज उलट जनरेटरमध्ये शिरते. योग्य कंट्रोलर नसेल, तर चेंजओव्हरची जोडणी अशी करून घ्या की जनरेटर चालू असताना सौर इन्व्हर्टर त्या लाइनवर येणारच नाही.