कंपनी बदलली की ॲव्हरेज बदलतं?

पहाटे 5. बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलला कोल्हापूरची सहाचाकी लागते. ड्रायव्हरमामा चहाच्या आधी गाऱ्हाणं सांगतात. "निपाणीचं डिझेल होतं तोवर पळत होती साहेब. चित्रदुर्गाला दुसऱ्या कंपनीचं घातलं आणि गाडी बसली." चित्रदुर्ग समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर, बंगळूर नऊशेवर, भरल्या गाडीनिशी मामा चढ चढत आले, हे ते धरतच नाहीत. कर्नाटकातलं निपाणी मामा पूर्वी स्वस्ताईसाठी गाठायचे. 1 एप्रिल 2025 ला कर्नाटकानं विक्रीकर 21.17 टक्के केला, डिझेल दोन रुपयांनी चढलं, तेव्हापासून तीही मजा गेली.

6.30. टाकी फुल. मागच्या फुलपासून आजच्या फुलपर्यंत, त्याच बंकावर (म्हणजे पंपावर), त्याच नोझलनं. नाहीतर ॲव्हरेज म्हणजे नुसता अंदाज.

10. बंकावर टँकर आलाय. बंकवाला काचेच्या उभ्या भांड्यात डिझेल घेतो, हायड्रोमीटर सोडतो, थर्मामीटर बुडवतो. तक्त्यावरून 15 अंशांची घनता काढून चलनाशी ताडून बघतो. घनमीटरमागे तीन किलोच्या आत फरक चालतो. पाणी बघायला डिपरॉडच्या टोकाला पेस्ट लावतात. मंगळूरहून हासनमार्गे सुमारे 360 किलोमीटरची पाइपलाइन बंगळूरजवळच्या देवनगोंथीला येते. तिथे तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत आणि या कंपन्या एकमेकींचा मालही उचलतात. बंकावरचा बोर्ड वेगळा, आतलं डिझेल बहुतेकदा एकाच रिफायनरीचं. मानकही सगळ्यांना एकच: 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, गंधक दशलक्ष भागांत जास्तीत जास्त 10, सिटेन किमान 51.

घनता मात्र खेपेगणिक हलते. 825 ऐवजी 840 चं मिळालं तर लिटरमागे ऊर्जा दीडेक टक्का जास्त. आठाच्या ॲव्हरेजला हा फरक शंभर-सव्वाशे मीटरचा. तो कंपनीचा नव्हे, त्या खेपेचा.

दुपारी 1. जेवताना विषय महागड्या डिझेलचा. त्यातलं ॲडिटिव्ह इंजेक्टर स्वच्छ ठेवतं, हे मला मान्य. पण नव्वदच्या डिझेलला चार रुपये जादा मोजायचे, तर ॲव्हरेज साडेचार टक्के वाढायला हवं. इंजेक्टर मुळात स्वच्छ असतील तर वाढणार कुठून?

3. हवा तपासली. मागच्या जोडचाकातलं आतलं टायर वीस पॉइंटनं कमी! तिथल्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही, म्हणून कोणी बघत नाही. मामा गप्प.

6. गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला आमची दुसरी गाडी अडकलीय. इंजिन चालू ठेवून उभी राहिली की तासाला लिटर-दीड लिटर जातं, मग डिझेल कुठलंही असो.

9. मामा निघताना विचारतात, "परतीला नेहमीच्याच बंकावर भरू ना? तिथं आंघोळीला गरम पाणी मिळतं." हे कारण मला पटतं. भरा म्हणालो.