माळ्यावरची छोटी दुर्बीण भंगारात घालण्याआधी

गणपतीच्या तोंडावर घर आवरायला काढलं की माळ्यावरच्या ट्रंकेतून काय काय बाहेर येतं. एखाद्या घरात त्यात चामड्याच्या डबीत ठेवलेली, तळहातात मावेल एवढी दुर्बीण निघते. आजोबा लष्करात किंवा रेल्वेत असतील, नाहीतर काका कधीतरी परदेशी जाऊन आलेले असतील. घरातली मुलं ती डोळ्याला लावतात, काही धड दिसत नाही आणि दुर्बीण भंगाराच्या ढिगात जाते. भंगारवाला ती वजनावर घेतो. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे मात्र अशा वस्तूकडे वजन बघून कोणी हात घालत नाही.

या लहान जुन्या दुर्बिणींना अजून मागणी का आहे? निव्वळ हौस हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण हिशेबाचं आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा घाट

दोन भिंगांच्या साध्या दुर्बिणीतून वस्तू उलटी दिसते. ती सुलटी करण्यासाठी काचेचे दोन लोलक वापरायची युक्ती इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये काढली. लोलकांमध्ये प्रकाश वळणं घेत जातो. त्यामुळे लांब नळीची गरज उरत नाही आणि दुर्बीण आखूड होते. जर्मनीत अर्न्स्ट आबे यांनी झाइस कंपनीत याच तत्त्वावर काम केलं आणि १८९४ पासून या दुर्बिणी बाजारात येऊ लागल्या.

आज निकॉन नावाने ओळखली जाणारी जपानी कंपनी १९१७ मध्ये सुरू झाली. १९२१ मध्ये तिने ‘मिक्रॉन’ नावाची चिमुकली दुर्बीण आणली. पुढे अनेक वर्षांनी कंपनीने तोच घाट पुन्हा विक्रीला काढला. त्यातली ६×१५ दुर्बीण जेमतेम १३० ग्रॅमची आहे. शंभर वर्षांपूर्वीचा घाट आजही चालतो, कारण त्यात जुनं होण्यासारखं फारच थोडं आहे.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ६×१५, ८×२०, ७×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते तो. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×२० मध्ये ती अडीच मिलिमीटर येते, ७×५० मध्ये सात मिलिमीटरच्या वर.

आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. म्हणजे दिवसा सात मिलिमीटरच्या झोतातला बराचसा प्रकाश वायाच जातो आणि सुमारे किलोभर वजन गळ्यात वागवावं लागतं ते वेगळंच. खानापूरच्या जंगलात दुपारी धनेश बघायचा असेल तर खिशातली ८×२० पुरते. दिवेलागणीला मात्र बाहुली मोठी होते आणि तीच दुर्बीण अंधुक वाटू लागते. ही या लहान दुर्बिणींची खरी मर्यादा आहे.

याच हिशेबाने जत्रेतल्या ‘५०×५०’ लिहिलेल्या दुर्बिणीचं गणितही कळतं. आकडा खरा मानला तरी झोत एक मिलिमीटरचा. त्यात हात थोडा हलला तरी ते हलणं पन्नास पट दिसणार.

जुनं सगळंच सोनं नव्हे

प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जातो तेव्हा दरवेळी चार टक्क्यांच्या आसपास परत फिरतो. साध्या लोलकाच्या दुर्बिणीत असे दहाएक टप्पे असतात. दहा टप्प्यांनंतर सुमारे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळालेला असतो. यावर उपाय म्हणून भिंगावर पातळ लेप देण्याची पद्धत झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. सुरुवातीची काही वर्षं ते लष्करी गुपित होतं. महायुद्धानंतर लेप सर्रास आला आणि गळती निम्म्याहून कमी झाली.

म्हणून घरची दुर्बीण युद्धापूर्वीची की नंतरची, हा प्रश्न महत्त्वाचा. ओळखायला सोपं आहे. भिंगात बल्बचं प्रतिबिंब बघा. ते निळसर-जांभळं दिसलं तर लेप आहे, पांढरंफटक दिसलं तर नाही.

दुसरा फरक घाटाचा. काही लहान दुर्बिणींच्या नळ्या सरळसोट असतात, पुढचं आणि डोळ्याकडचं भिंग जवळपास एका रेषेत. यातले लोलक छपरासारख्या आकाराचे असतात. ते प्रकाशाचे दोन भाग करतात आणि पुन्हा जोडतात. त्यात चित्राची धार थोडी बोथट होते. त्यावरचा खास लेप झाइसने १९८८ मध्ये आणला. पोरोच्या बाकदार घाटात हा दोष मुळातच नाही. त्यामुळे १९७०-८० मधल्या सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा तिच्याहून जुनी बाकदार दुर्बीण कधीकधी जास्त स्पष्ट दाखवते.

चष्मेवाल्यांनी मात्र जपून. बऱ्याच जुन्या दुर्बिणींत डोळा भिंगाला अगदी टेकवावा लागतो. चष्म्यातून बघितलं तर मधलं थोडंच दिसतं.

तपासायचं कसं?

आधी बघायची योग्य पद्धत. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटून फक्त उजव्या नळीची कडी फिरवा. ‘काही दिसत नाही’ म्हणून टाकलेल्या कितीतरी दुर्बिणी एवढ्यानेच चालू होतात.

मग दोन्ही डोळ्यांनी लांबचा मोबाइल टॉवर बघा. एकाचे दोन दिसत असतील किंवा डोळ्यांवर ताण येत असेल तर आतले लोलक सरकले आहेत. घरची असेल तर जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवा. बाजारात विकत घेत असाल तर परत ठेवा. सूर्याकडे रोखून तपासणी कधीही करू नका, दृष्टी कायमची जाऊ शकते.

शेवटी पुढच्या भिंगातून टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. बेळगाव, खानापूर, गोवा इथल्या पावसाळी दमट हवेत ती हमखास धरते. हलकी असेल तर साफ होते, पण जास्त दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते आणि तो परत येत नाही.

म्हणूनच चामड्याची डबी दिसायला कितीही सुरेख असली तरी पावसाळ्यात दुर्बीण तिच्यात ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली की झालं. पुड्या अधूनमधून बदलायच्या. डबी हवी तर शोकेसमध्ये ठेवावी.