विसर पडतो, झोप लागत नाही: संशोधनात कोणाला घेतात?

आज आपण सेमाडोहला बसलो आहोत, तेव्हा प्रश्नही इथल्या माणसाला धरूनच घेऊ. रात्री झोप धड लागत नाही आणि हल्ली विसरायला होतं, अशा माणसांवर एखादा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला, तर त्यात कोण बसतं? आणि जो बसत नाही, तो का बसत नाही?

आधी एक गोष्ट पक्की करू. अशा अभ्यासाला बहुधा सुरुवातीचा विसर हवा असतो. म्हणजे माणसाला किंवा घरच्यांना विसर जाणवतो, तपासणीतही स्मरण वयाच्या मानाने कमी दिसतं, पण तो आपली कामं आपण करतो. बाजारहाट करतो, पैसे मोजतो, ढोरं ओळखतो. हे सुटायला लागलं की त्याला डिमेन्शिया म्हणतात, आणि मग तो या अभ्यासातून बाहेर. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातेक लोकांना डिमेन्शिया असावा, असा एका देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. त्याच्या अलीकडच्या पायरीवर झोप सुधारली तर काही थांबतं का, हे शोधायचं असतं. गाढ झोपेत दिवसभरातल्या आठवणी पक्क्या होतात, म्हणून तर झोपेकडे लक्ष गेलं.

आता चाळणी. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, उदासीनता, दारू, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यांनीही विसर पडतो किंवा पडल्यासारखा दिसतो. असा माणूस वगळला, तर तो संशोधकाचा हट्ट नव्हे. त्याला आधी उपचार हवेत. इथपर्यंत कोणाची तक्रार नसावी.

खरी अडचण कागदावरच्या परीक्षेची. १९७५ पासून जगभर एक तीस गुणांची चाचणी चालते. आज कोणती तारीख, शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. जो कधी शाळेतच गेला नाही, त्याने वाक्य लिहिलं नाही तर स्मरणशक्ती गेली म्हणायची का? हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासकांना हाच पेच पडला. त्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बनवली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यात लिहिण्याऐवजी बोलायचं असतं आणि प्रश्न रोजच्या जगण्यातले असतात. पण मेळघाटात हिंदीनेही भागत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. नातवाने दुभाषा होऊन प्रश्न सांगितला की तो हळूच उत्तरही सुचवतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे. तेव्हा गुण कमी आले तर पहिला सवाल हा विचारा: चाचणी कोणत्या भाषेत झाली, आणि शिक्षण लक्षात घेतलं का?

झोपेच्या प्रश्नावलीचंही तसंच. एपवर्थची आठ प्रश्नांची यादी १९९१ ची, ऑस्ट्रेलियातली. त्यात एक प्रश्न असा: गाडी रहदारीत काही मिनिटं थांबली, तर डुलकी लागेल का? परतवाडा-धारणी रस्त्यावर रहदारी कुठली हो! वाट अडवली तर गुरं अडवतील, नाहीतर रानगवा.

आणि जागल? पीक उभं असलं की रानडुकरांपायी आपला शेतकरी रात्र-रात्र मचाणावर काढतो. पुष्कळ अभ्यासांत रात्रपाळीवाल्यांना घेत नाहीत. हा माणूस मात्र फॉर्मवर ‘शेती’ लिहितो आणि आत जातो. मग त्याची तुटकी झोप आजाराची की डुकरांची, हे कसं कळणार? मोहाच्या दिवसांत पहाटेआधी उठणाऱ्या बायांचंही तेच. आमचं म्हणणं, हंगाम विचारल्याशिवाय इथे कोणाची झोप मोजू नये.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं हे मात्र यंत्राने मोजता येतं. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडला तर दोष धरतात. काही अभ्यासांना असेच लोक हवे असतात, काही अभ्यास नेमके त्यांनाच वगळतात. म्हणून एकीकडून नकार आला तरी दुसरीकडे जागा असू शकते.

वयाचा दाखलाही बघा. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख किती म्हाताऱ्यांची आहे! शिवाय बहुतेक ठिकाणी रोजच्या सहवासातला साथीदार मागतात, जो बदल सांगू शकेल. पोरगा कामाला बाहेरगावी असेल तर सून, शेजारी, कोणीही चालेल, पण माणसाला ओळखणारा हवा.

संमतीचं मात्र नीट ऐका. वाचता येत नसेल तर माहिती तुमच्या भाषेत वाचून दाखवली पाहिजे, आणि अंगठा देताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून तिथे हवा. मधेच कधीही ‘नाही’ म्हणता येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचाराची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संशोधन म्हणजे इलाज नव्हे. निम्म्यांना साधी गोळीही मिळू शकते, हे आधीच विचारून घ्या. २००९ पासून औषधाच्या चाचण्यांची नोंद देशाच्या नोंदवहीत करावीच लागते. ती इंटरनेटवर कोणालाही बघता येते, आणि कोणाला घेणार, कोणाला नाही, हे तिथे लिहिलेलं असतं.

आणि नकार मिळालाच, तर रक्ताचे आणि झोपेचे रिपोर्ट मागून घ्या. बी-१२ कमी निघालं असेल, तर तो कागद घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा.