‘आधीचं भारी होतं’ असं म्हणण्याआधी

14 एप्रिल 2023 ला मेटालिकाचा ‘72 सीझन्स’ आला. त्या रात्री हॉस्टेलवर हेडफोन लावून सलग 77 मिनिटं ऐकला आणि लगेच ग्रुपवर लिहून टाकलं: “संपले हे लोक. गाणी उगाच लांबवलीत. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची सर नाही.”

पुढच्याच आठवड्यात जर्नल क्लबमध्ये एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या नव्या पेपरबद्दल मी जवळजवळ हेच बोलले. “आधीच्या कामाइतका दम नाही.” गाइडनी शांतपणे विचारलं, “कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपर मी एकदाच, तोही वरवर वाचला होता.

मग ठरवलं, आधी अल्बमवरचंच मत तपासू. तिथे चुकले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

1. माझ्या मतातलं मोजता येण्यासारखं काय आहे?

“गाणी लांबवलीत” हे मोजता येतं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (1986) मध्ये 8 गाणी, साधारण 55 मिनिटं. म्हणजे सरासरी 6.8 मिनिटं. ‘72 सीझन्स’मध्ये 12 गाणी, 77 मिनिटं. सरासरी 6.4. म्हणजे नवी गाणी सरासरीने थोडी छोटीच आहेत! लांब झालाय तो अल्बम.

मग मला कंटाळा आला तो खोटा होता का? नाही. पण कंटाळा हे निरीक्षण आहे आणि “गाणी लांबली” हे त्याचं मी दिलेलं कारण. निरीक्षण खरं असूनही कारण चुकीचं असू शकतं. रिसर्चमध्ये आपण सगळ्यात जास्त इथेच घसरतो.

2. तुलना कशाशी करतेय?

1986 म्हटलं की मेटालिकाबरोबर स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ आणि मेगाडेथचा ‘पीस सेल्स’ आठवतो. त्या वर्षीचे विसरले गेलेले अल्बम आठवत नाहीत, कारण ते विसरलेच गेलेत. काळाच्या चाळणीतून उरलेला माल आणि आज सकाळी आलेलं अख्खं पोतं, अशी ही तुलना आहे. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. लिटरेचर रिव्ह्यू करताना जुने, गाजलेले पेपरच सापडतात, तेव्हाही हेच घडत असतं.

3. मोजपट्टी दोन्हीकडे सारखी आहे का?

‘मास्टर ऑफ पपेट्स’ मी अकरावीपासून ऐकतेय, ‘72 सीझन्स’ एकदा ऐकला होता. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं. म्हणजे माझ्या आवडीत संगीताचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं. सवय पुसता येत नाही, पण फरक कमी करता येतो. म्हणून नवा अल्बम आणखी पाच वेळा ऐकला. प्रत्येक वेळी गाण्यांचा क्रम बदलला, कारण शेवटची गाणी नेहमी थकलेल्या कानांच्या वाट्याला येत होती.

आता निकाल. ‘लक्स एटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत काम फत्ते करतं. 11 मिनिटांचं ‘इनामोराटा’ मला आधी सगळ्यात रटाळ वाटलं होतं. आता त्यातल्या बासच्या संथ भागासाठीच मी ते लावते. मधली काही गाणी मात्र सहाव्या वेळीही एकमेकांसारखीच वाटली. आठ गाण्यांचा अल्बम जास्त घट्ट झाला असता, हे मत टिकलं. “संपले” हे मत मागे घेतलं. 1981 साली सुरू झालेल्या बँडबद्दल ते लिहायला मला एक रात्र पुरली होती, याची थोडी लाज वाटली.

मग तो पेपर पुन्हा काढला. तीनदा वाचला. माझ्या दोन आक्षेपांपैकी एक टिकला, एक पडला. पुढच्या जर्नल क्लबमध्ये दोन्ही सांगितले. पडलेला आधी.

पीएचडीच्या इंटरव्ह्यूमध्ये तुम्हाला एखाद्या पेपरवर मत विचारतील. “चांगला आहे” किंवा “तितका जमला नाही” इथे थांबू नका. समोरून “कशावरून?” येणारच आहे. तो प्रश्न आदल्या रात्री स्वतःच स्वतःला विचारून जा.